झाकली मूठ कोणासाठी?

माणूस कामाला लागला म्हणजे त्याच्या घरी पेढे वाटले जातात. त्याचे काम सुटले म्हणजे घरची माणसे दार लोटून बसतात, आणि गावात पेढ्यांऐवजी एक प्रश्न वाटला जातो: "का हो काढले त्याला?" हा प्रश्न विचारणारे सारेच दुष्ट असतात असे मुळीच नाही. कोणाला खरोखर कळवळा असतो, कोणाला आपल्याच मुलाची काळजी लागलेली असते, तर कोणाला नुसतीच ऐकण्याची हौस असते. परंतु उत्तर मिळाले नाही की तिघेही एकाच निष्कर्षावर येऊन ठेपतात: "काहीतरी केले असणारच! आग असल्याशिवाय धूर निघत नाही." या धुराविषयी आज आपण थोडा विचार करू.

आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुले-मुली उदरनिर्वाहासाठी दूरच्या शहरी गेलेली आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्यामुळे जालना, परभणी, नांदेड या बाजूच्या लोकांना हैदराबाद शहर कधीच फारसे परके वाटले नाही. त्या शहरातील नामपल्ली हा भाग घ्या. १९०७ साली सुरू झालेले रेल्वे स्थानक, त्याच्या आसपासची लॉजे व खाणावळी, सरकारी कचेऱ्या, फौजदारी न्यायालये आणि त्यांच्या आधाराने चाललेली शेकडो लहानमोठी दुकाने व पेढ्या. हातात एक ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसालाही येथे कोठे ना कोठे काम मिळून जाते.

समजा, येथील एका घाऊक मालाच्या पेढीवर एकाच गावचे दोन तरुण नोकरीस आहेत. एक हिशेब लिहितो, दुसरा माल मोजतो. एके सकाळी हिशेब लिहिणाऱ्याची खुर्ची रिकामी दिसते. मालक म्हणतात, "तो आता येणार नाही. त्याच्या वह्या तूर्त मुनीमजी पाहतील." यापलीकडे ते अक्षर बोलत नाहीत. दुपारच्या डब्याच्या वेळी सात जणांची सात कारणे तयार होतात: गल्ल्यात तूट आली असेल, दारू पिऊन आला असेल, मालकाला उलट बोलला असेल, दुसऱ्या पेढीशी संधान बांधले असेल. संध्याकाळी माल मोजणाऱ्या तरुणाला गावाहून फोन येतो. "तू तर त्याच्याच शेजारी बसत होतास ना? खरे काय ते सांग." वाचकहो, त्या तरुणाने आता काय बोलावे? आणि मालकाने काय बोलावयास हवे होते? उदाहरण काल्पनिक असले तरी यातील कोणत्या ना कोणत्या पात्राच्या जागी आपल्यापैकी अनेक जण कधी ना कधी उभे राहिलेले आहेत.

"का काढले?" हा दिसायला एक प्रश्न असला तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. पहिला: माझी नोकरी सुरक्षित आहे काय? दुसरा: त्याला न्याय मिळाला काय? तिसरा: त्याने नेमके केले तरी काय? यांपैकी पहिल्याचे उत्तर मागण्याचा प्रत्येक सहकाऱ्यास पूर्ण अधिकार आहे. पेढीचा धंदा बसत चालला आहे की काय, आणखी माणसे कमी होणार आहेत काय, कोणता नियम मोडला असता येथे नोकरी जाते, गेलेल्या माणसाचे काम कोणावर पडणार, या गोष्टी मालकाने सांगितल्याच पाहिजेत; आणि कोणाचेही नाव न घेता त्या सांगता येतात. दुसरा प्रश्नही योग्यच आहे, परंतु त्याचे उत्तर देण्याची जागा डब्याची पंगत नव्हे. तिसरा प्रश्न मात्र आपला नाही. तो काढलेला माणूस आणि मालक यांच्यामधला आहे.

कोणी म्हणेल, "जे घडले ते खरे असेल, तर खरे सांगण्यात कसले पाप?" प्रश्न वाजवी आहे, आपल्या फौजदारी कायद्याने त्याचे जे उत्तर दिले आहे ते मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अब्रूनुकसानीचे कलम होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली आणि ते कलम ३५६ वे झाले, पण त्याचा गाभा बदललेला नाही. त्यातील पहिलाच अपवाद असा आहे की, एखाद्याविषयीचे खरे विधान प्रसिद्ध करणे हा गुन्हा नव्हे. मात्र ते प्रसिद्ध करणे लोकहितासाठी आवश्यक असले पाहिजे. नुसते खरे असून भागत नाही! बोललेले खरे तर हवेच, शिवाय ते बोलण्याची गरजही हवी. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नव्या संहितेने त्यात समाजसेवेच्या शिक्षेचीही भर घातली आहे. नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयांपुढे अब्रूनुकसानीचे खटले आलेले आहेत. मोठ्या माणसांच्या खटल्यांची बातमी होते. पण कलम मोठ्यांसाठी एक आणि हिशेबनिसासाठी दुसरे असे नाही.

याच कलमाखाली कायदेकारांनी समजुतीसाठी काही लहान उदाहरणे दिलेली आहेत. त्यांपैकी एक आपल्या पेढीला तंतोतंत लागू पडते. एक दुकानदार आपला कारभार पाहणाऱ्या माणसास सांगतो की, अमक्याला रोख पैसे घेतल्यावाचून माल देऊ नकोस, कारण त्याच्या सचोटीविषयी माझे मत चांगले नाही. दुकानदार हे सद्भावाने व आपल्या धंद्याच्या रक्षणासाठी बोलला असेल तर तो गुन्हा नव्हे. दुसऱ्या उदाहरणात, एखाद्या नोकराच्या वर्तनाची तक्रार सद्भावाने त्याच्या मालकाकडे करणे हाही गुन्हा नव्हे, असे म्हटले आहे. या दोन्ही ठिकाणी कायदा काय पाहतो? बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण. ज्याला जाणण्याची गरज आहे त्याला, गरजेपुरते, मनात आकस न ठेवता सांगावे. कारभाऱ्याला सांगितलेली तीच गोष्ट दुकानदाराने चौकात उभे राहून सांगितली, तर या अपवादाचा आडोसा त्याला पुरेलच असे नाही.

आता महाराष्ट्रातील एक प्रत्यक्ष प्रकरण पाहू. ते थेट बडतर्फीचे नसले तरी त्याच्याशी अगदी जवळचे आहे. २००८ साली एका गृहस्थांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याविषयी नाना प्रकारची माहिती मागितली. त्याला किती ज्ञापने मिळाली, कोणत्या कारणे दाखवा नोटिसा निघाल्या, कोणत्या शिक्षा झाल्या, त्याची मालमत्ता किती, इतकेच काय पण मुलाच्या लग्नात भेटी कोणत्या आल्या, येथपर्यंत ती यादी गेली होती. प्रकरण वरवर चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने निकाल दिला. नोकराचे कामातील वर्तन हा मुख्यतः तो व त्याचा मालक यांच्यामधील विषय आहे. ज्ञापने, नोटिसा व शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती होय. व्यापक लोकहित दाखविल्यावाचून ती तिऱ्हाइताला मागता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातील ते कलम आणखी आवळले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा मनुष्य सरकारी नोकर होता, त्याचा पगार जनतेच्या पैशातून जात होता, आणि तरीही त्याच्या ज्ञापनांची फाईल सर्वांसाठी खुली झाली नाही. मग एका खाजगी पेढीवरील हिशेबनिसाच्या चुकांची वही साऱ्या गावापुढे का उघडावी?

येथपर्यंत वाचून एखादे मालक मिशीवर ताव देऊन म्हणतील, "पाहिलेत? गुप्तता पाळणे हा आमचा हक्कच आहे!" थांबा. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण ही मूठ झाकायची कोणासाठी? काढलेल्या माणसाच्या अब्रूसाठी, मालकाच्या सोयीसाठी नव्हे. आणि म्हणूनच एका माणसापुढे ती पूर्ण उघडावी लागते. तो माणूस म्हणजे ज्याला काढले तो स्वतः.

जगाला कारण न सांगणे हे सौजन्य असेल; खुद्द त्यालाच कारण न सांगणे हा अन्याय आहे. बायकोने विचारले, "काय झाले हो?" आणि नवऱ्याला प्रामाणिकपणे म्हणावे लागले, "मला स्वतःलाच कळले नाही," तर त्या घराची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. आरोप माहीत नसला तर खुलासा कशाचा करणार? चूक माहीत नसली तर सुधारणार काय? आपल्या देशातील कामगार कायद्याने हे फार पूर्वी ओळखले. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मोठ्या कारखान्यांतील नोकरीच्या अटी लेखी असाव्यात असे ठरविले. त्याखालील नमुना नियमांप्रमाणे गैरवर्तनाचा आरोप लेखी द्यावा लागे, खुलाशाची संधी द्यावी लागे, आणि बडतर्फ झालेल्या कायम कामगारासही आपल्या सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क होता. चौकशी चालू असताना निलंबित ठेवलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे वेतन, आणि पुढे विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर ७५ टक्के वेतन, निर्वाहभत्ता म्हणून द्यावे लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू होऊन त्या कायद्याची जागा तिने घेतली. निर्वाहभत्त्याचे प्रमाण तिनेही तेच ठेवले आहे. निलंबित झालेल्या माणसाची चूल बंद पडू नये अशी ही योजना आहे, कारण निलंबन म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. गावात मात्र निलंबनाची बातमी पोहोचताच निकाल लागून मोकळा होतो!

नामपल्लीच्या आमच्या पेढीसारख्या लहान ठिकाणी हे मोठ्या कारखान्यांचे नियम लागत नाहीत. पण तेलंगणात १९८८ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्याप्रमाणे सहा महिने सलग काम केलेल्या नोकरास वाजवी कारण असल्यावाचून, आणि एक महिन्याची लेखी सूचना किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार दिल्यावाचून, काढता येत नाही. गैरवर्तनाच्या कारणाने सूचनेवाचून काढावयाचे तर त्याची चौकशी झालेली असली पाहिजे. त्याविरुद्ध दाद मागण्याचीही सोय त्या कायद्यात आहे. आपला मुलगा शहरात नोकरीस असेल तर एवढी गोष्ट त्याला अवश्य सांगून ठेवा.

काही मालक आणखी एक युक्ती करतात. मनात गैरवर्तनाचा संशय असतो, परंतु चौकशीची कटकट नको, म्हणून दोन ओळींचे गोड पत्र देतात: "आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही." ही युक्ती सरकारी नोकरीत कितपत चालेल याचा निर्णय १ नोव्हेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम लाल धिंग्रा नावाच्या रेल्वे नोकराच्या प्रकरणात दिला. स्वतः धिंग्रा यांचा दावा फेटाळला गेला. पण त्यांच्या निमित्ताने जे तत्त्व ठरले ते पुढील हजारो नोकरांच्या उपयोगी पडले. हुकुमाचे शब्द कितीही साधे असोत, तो शिक्षा म्हणून दिला असेल तर आधी त्या माणसाचे म्हणणे ऐकावे लागेल, असे ते तत्त्व. पुढे १९९९ साली, कलकत्त्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रातील एका उमेदवारीवरील नोकराच्या प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे गेले. काढण्याच्या हुकुमात काळा शब्द नसेल, पण त्यात ज्या जुन्या पत्रांचा उल्लेख आहे त्यांत कलंक लावणारा मजकूर असेल, तरी तो कलंकच होय. कारण पुढचा मालक ती पत्रे मागू शकतो. कागदावरचा एक शब्द माणसाच्या मागे किती वर्षे चालत राहतो, हे न्यायाधीशांनी किती नेमके ओळखले पाहा!

तेव्हा मूठ झाकावी ती नोकराच्या हितासाठी, हे एक सूत्र झाले. पण इतिहासात असेही घडले आहे की, सत्तेने मूठ झाकली ती स्वतःचे हात लपविण्यासाठी. याचे उदाहरण नामपल्लीतच सापडते. नामपल्ली स्टेशन रोडवर 'गोल्डन थ्रेशोल्ड' नावाची एक जुनी वास्तू आहे. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठाचा आरंभ तेथेच झाला. ते सरोजिनी नायडू यांच्या माहेरचे घर. त्यांचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे एडिंबरो विद्यापीठाचे विज्ञानाचे डॉक्टर. निजामाच्या राज्यात नव्या शिक्षणाचा पाया घालणारे विद्वान. १८८३ साली चांद्यापर्यंत, म्हणजे आपल्या आजच्या चंद्रपूरपर्यंत, रेल्वे नेण्याच्या योजनेवरून हैदराबादेत वाद उठला. राज्याच्या तिजोरीवर एवढा भार टाकणाऱ्या योजनेची चर्चा उघडपणे व्हावी, असे म्हणणाऱ्यांत अघोरनाथ पुढे होते. परिणाम काय झाला? सरकारने त्यांना नोकरीतून निलंबित केले आणि राज्याबाहेर घालविले. पुढे ते परत आले व पुन्हा शिक्षणकार्यास लागले, ही गोष्ट वेगळी. त्यांनी ना पैसे खाल्ले होते, ना कामात कुचराई केली होती. त्यांनी प्रश्न विचारला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८८ साली, हैदराबाद दख्खन मायनिंग कंपनीला मिळालेल्या खाणींच्या सवलतीचे प्रकरण इतके चिघळले की लंडनच्या पार्लमेंटच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. सार्वजनिक पैशाचे व्यवहार झाकून ठेवता येत नाहीत, हेच त्यातून दिसले.

या दोन प्रकारांतील भेद ध्यानात घ्या. हिशेबनिसाची चूक ही त्याच्या घरची जखम आहे. ती झाकणे दयेचे काम होय. परंतु एखादा नोकर भेसळ उघड करतो, सोबत्यांचे बुडालेले वेतन मागतो किंवा सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारतो, म्हणून काढला गेला असेल, तर तेथे "हा अंतर्गत मामला आहे" असे म्हणून मालकाने ओठ मिटणे म्हणजे गुप्तता नव्हे, लपवाछपवी होय. त्या मौनाचा लाभ कोणाला मिळतो, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. लाभ काढलेल्या माणसाचा असेल तर मौन राखावे. काढणाऱ्याचा असेल तर योग्य ठिकाणी तोंड उघडावे. योग्य ठिकाण म्हणजे कामगार अधिकारी, संघटना, न्यायालय. चहाचा ठेला नव्हे.

मौनाला आणखी एक फार नाजूक प्रसंग असतो. कामाच्या ठिकाणी एखाद्या भगिनीची छेड काढली गेली, तिने तक्रार केली, आणि चौकशीनंतर दोषी माणसाला काढले, तर? येथे कारण जाहीर करताना दोषी माणसाबरोबर त्या भगिनीचेही नाव चव्हाट्यावर येते. म्हणून २०१३ च्या कायद्याच्या १६ व्या कलमाने अशा तक्रारीचा मजकूर, दोन्ही पक्षांची व साक्षीदारांची ओळख आणि चौकशीतील गोष्टी प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. ज्यांच्यावर ते काम सोपविलेले असते त्यांनीच ती मोडली तर नियमांप्रमाणे ५,००० रुपये दंड वसूल होतो. पण त्याच कलमाने एक खिडकी मोकळी ठेवली आहे: कोणाचीही ओळख न देता, न्याय मिळाला ही गोष्ट सांगता येते. हे फार शहाणपणाचे आहे. इतर भगिनींना "येथे तक्रार ऐकली जाते" एवढे कळले पाहिजे. कोणी, कोणाविरुद्ध, काय, हे कळण्याची गरज नाही.

आपल्याला लहानपणी शिकविलेली आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे, एवढे आपल्या सर्वांच्या ध्यानात असते. परंतु ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत याच आज्ञेखाली दोन वेगवेगळे दोष सांगितले आहेत. खोटा आळ घेणे हा एक. आणि दुसऱ्याचा खरा दोष, योग्य कारणावाचून, ज्याला तो माहीत नव्हता त्याला सांगणे हा दुसरा. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हा भेद स्पष्ट केला आहे, आणि दुसऱ्याच्या नावाला पोहोचविलेली हानी भरून काढण्याचे कर्तव्यही तेथे सांगितले आहे. पापनिवेदनाच्या वेळी पहिला दोष आपल्याला आठवतो. दुसऱ्याला आपण "मी काही खोटे बोललो नाही" या एका वाक्याने माफी देऊन टाकतो. कायदा आणि धर्मशिक्षण निरनिराळ्या वाटांनी येऊन या एकाच जागी भेटतात, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आता आपल्या पेढीकडे परत जाऊ. मालकाने काय करावे? काढावयाचे त्याला कारण लेखी द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे, राहिलेला पगार चुकता करावा, आणि सेवेचा दाखला वेळेवर द्यावा. बाकीच्या नोकरांना एकत्र बोलावून सांगावे: "अमका आता आपल्याकडे नाही. का, ते मी सांगणार नाही. उद्या तुमच्यापैकी कोणाविषयी असा प्रसंग आला तर तुमच्याविषयीही सांगणार नाही. तुमच्या नोकऱ्यांना धोका नाही. त्याचे काम महिनाभर असे असे वाटून घेऊ." एवढ्या चार वाक्यांनी डब्याच्या पंगतीतील अर्ध्या अफवा जन्मापूर्वीच मरतील. धंदा खरोखरच अडचणीत असेल, तर "धोका नाही" हे वाक्य मात्र बोलू नये. गुप्तता आणि थाप यांत फरक आहे.

दुसऱ्या मालकाने चौकशी केली तर? त्याने जेवढे विचारले तेवढे, स्वतः पाहिलेले व कागदावर सिद्ध झालेले, सांगावे. गल्ल्यावर बसवावयाच्या माणसाविषयी कोणी सचोटी विचारली आणि अफरातफर चौकशीत सिद्ध झालेली असली, तर ती दडवून दुसऱ्याला खड्ड्यात लोटणे हे औदार्य नव्हे. पण "आमच्या कानावर असेही आले होते की..." हे शब्द ओठांवर आले की तेथेच थांबावे. हीच गोष्ट आपल्या धर्मगुरूंकडे चारित्र्याचा दाखला मागावयास जाणाऱ्यांनीही ध्यानी ठेवावी; माहीत नसलेले चांगलेही त्यांच्याकडून लिहवून घेऊ नये.

आणि तो माल मोजणारा तरुण? त्याने गावाकडच्या फोनवर एवढेच म्हणावे: "तो कामावर नाही एवढे खरे. का, ते मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असते तरी ते त्याचे त्याने सांगावयाचे." हे म्हणावयास धैर्य लागते, कारण ऐकणारा रुसतो, म्हणतो, "शहरात जाऊन फार शहाणा झालास!" रुसू द्यावे. त्यानंतर त्याने आणखी एक गोष्ट करावी: सोबत्याच्या खोलीवर जाऊन त्याला विचारावे, "जेवलास काय? भाड्याचे काय करतोस?" काढलेल्या माणसाला सर्वांत जास्त काय बोचते? पगार गेल्याचे दुःख असतेच. पण कालपर्यंत शेजारी बसून डबा खाणारे आज रस्त्यात पाहून न पाहिल्यासारखे करतात, हे अधिक बोचते.

ज्याला काढले त्यालाही दोन शब्द. मित्रा, तुझे मौन हा तुझा हक्क आहे; ते तुझ्यावर लादलेले ओझे नव्हे. मालकाने तुझी मूठ झाकली म्हणून तू ती उघडू नयेस असे नाही. घरी, आपल्या पत्नीला, आईवडिलांना खरे सांग. चूक झाली असेल तर ती त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेली बरी. अन्याय झाला असेल तर कागद सांभाळून ठेव, मुदत उलटण्यापूर्वी कामगार अधिकाऱ्याला किंवा वकिलाला भेट. रागाच्या भरात कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या राजीनाम्यावर सही करू नकोस.

राहता राहिले गाव, म्हणजे आपण. शहरातून कोणाचा मुलगा अवेळी परत आला की आपण अंगणात जातो, पाणी पितो, इकडची तिकडची विचारपूस करतो आणि मग हळूच तो प्रश्न पुढे सरकवितो. पुढच्या वेळी तो ओठांवर आला की त्याच्याजागी दुसरा विचारून पाहावा: "आता पुढे काय करावयाचे ठरविले आहेस?" या प्रश्नाने त्याचे मागचे उकरले जात नाही, आणि कदाचित आपल्या ओळखीने त्याला एखादी जागाही मिळून जाईल. त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असतील, तर पाहुण्यांनी विचारल्यावर "आम्हाला त्याविषयी काही ठाऊक नाही" हे खरे वाक्य खऱ्या सुरात म्हणावे. अर्धवट हसून, भुवया उंचावून म्हणू नये. कारण त्या उंचावलेल्या भुवयांविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही.